सगळ्यांनी बसवलं तर?

काउंटरवर दोन डबे शेजारी शेजारी ठेवले होते. एक बाजारात आधीपासून मिळणारा ऑटोस्विच, दुसरा आमचा. दुकानाच्या मागच्या बाजूला मोटार वायंडिंगचं काम चालायचं, त्यामुळे तिथे थ्री फेज लाईन होती. शेठनी मेन स्विच पाडला, थोडं थांबले आणि परत चढवला. दोन-चार सेकंदांत पहिल्या डब्यातून 'टक' असा आवाज आला आणि त्याला जोडलेले बल्ब लागले. आमचा डबा गप्प. एक मिनिट झालं. दीड मिनिट झालं. शेजारी पाइपचे क्लॅम्प घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक आमच्या डब्याकडे बघत उभं होतं. दोन मिनिटं होऊन गेल्यावर एकदाचा 'टक' झाला.

"खराब आहे का हा?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"नाही, हुशार आहे," शेठ म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इंजिनिअर साहेब, हुशार माल विकायला फार अवघड जातो."

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझा आतेभाऊ सोलापूर जिल्ह्यात गावी राहतो. त्याचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, आणि गावातल्या मोटारी, स्टार्टर, केबल यांची दुरुस्ती तो करतो. त्याला मी दादा म्हणतो. दोन वर्षं शनिवार-रविवार घालवून आम्ही हा डबा बनवला. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून रिले आणि छोटे ट्रान्सफॉर्मर आणायचे, बोर्ड बनवून घ्यायचा, मी प्रोग्रॅम लिहायचा आणि दादानं तो विहिरीवर नेऊन लावायचा. यात माझी साडेतीन लाखांची बचत गेली. दादानं घरातलं सोनं तारण ठेवलं. वस्तू तयार झाली तेव्हा आम्हाला वाटलं, अवघड भाग संपला. अवघड भाग डिस्ट्रिब्युटर शोधताना सुरू झाला. तो नुसता धंद्याचा प्रश्न नव्हता हे कळायला मला वेळ लागला.

डबा काय करतो ते आधी सांगतो. आमच्या भागात शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मध्येच ती जातेही. रात्री दोन वाजता लाईट परत आली तर कुणीतरी उठून, बॅटरी घेऊन, सापाकिरड्याच्या भीतीनं जपून पावलं टाकत विहिरीवर जायचं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. ज्यानं हे एकदा केलंय तो ऑटोस्विच का बसवतो हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. लाईट आली की स्विच आपोआप मोटार चालू करतो. माणूस झोपू शकतो. त्याला कुणी हाव म्हणत असेल, तर त्यानं आठ दिवस विहिरीवर जाऊन दाखवावं.

पण एक अडचण आहे. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. सुरू होताना मात्र, थेट लाईनवर टाकली तर, त्याच्या पाच ते सात पट घेते. म्हणजे चाळीस-पन्नास अँपिअर, काही सेकंद. आता १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. गावात आम्ही त्याला डीपी म्हणतो. त्याची क्षमता सुमारे १३३ अँपिअर. त्यावर अशा पंधरा मोटारी आरामात चालतात, एकेक करून सुरू झाल्या तर. सगळ्यांना ऑटो असेल तर लाईट आल्याच्या क्षणी पंधराही एकदम उठतात आणि सहाशे-सातशे अँपिअर मागतात. व्होल्टेज पडतं. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की मोटारीचा जोर निम्म्यावर येतो, म्हणजे ती वेग घेत नाही, आणि वेग घेत नाही तोवर जास्तीचा करंट ओढत राहते. मग फ्यूज उडतात, मोटारी जळतात, आणि हे वारंवार झालं की कधीतरी डीपी जळते. नवी डीपी यायला जे दिवस लागतात तेवढ्यात उभं पीक माना टाकतं. म्हणून तर महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं पुन्हा पुन्हा सांगत असतं.

आमच्या डब्याची कल्पना साधी होती. लाईट आल्यावर त्यानं लगेच उठायचं नाही. अर्ध्या मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत कितीही वेळ थांबायचं, आणि प्रत्येक वेळी वेगळं थांबायचं. मग एका डीपीवरच्या मोटारी आपोआप पुढेमागे उठतील. मी आधी हा वेळ डब्याच्या नंबरावरून ठरवला होता. दादा म्हणाला, "म्हणजे ज्याचा नंबर मोठा तो कायम शेवटी? गावात मारामाऱ्या लावतोस का?" म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखं केलं. आज तू आधी, उद्या मी.

आता शेठची ऑफर. तीन तालुक्यांत त्यांचे डीलर आहेत. आमच्यासारख्या नव्या माणसाला त्यांच्याशिवाय रस्ता नाही, कारण शेतकरी डबा विकत घेत नाही, तो दुकानदाराचा शब्द विकत घेतो. 'हे घेऊन जा, बंद पडलं तर मला आणून दे' हे वाक्य ज्याच्या तोंडून येतं त्याच्या नावावर माल खपतो. शिवाय तो उसाचं बिल येईपर्यंत उधारी सांभाळतो, खराब पीस बदलून देतो, वायरमनला त्याचं काय ते देतो. त्याचं मार्जिन मला आधी फुकटचं वाटायचं. चार दुकानं फिरल्यावर तसं वाटेनासं झालं.

शेठ म्हणाले, "रब्बीच्या आधी तीनशे पीस घेतो. निम्मे पैसे आगाऊ. फक्त ते थांबणं काढा. नाहीतर एक बटण द्या. ज्याला थांबायचंय तो थांबेल, ज्याला नाही तो शून्यावर ठेवेल."

तीनशे पीस म्हणजे दादाचं सोनं सोडवून वर काहीतरी उरणार होतं. प्रोग्रॅममध्ये बदल फक्त एका ओळीचा होता.

त्या रात्री एसटीत बसून मी स्वतःला जी कारणं दिली ती इथे प्रामाणिकपणे लिहितो. तुम्ही कुठल्याही कंपनीत काम करत असाल तरी ती तुम्हाला ओळखीची वाटतील.

पहिलं कारण: आपण नाही विकलं तर दुसरा विकेल. लगेच उठणारे डबे बाजारात आहेतच. हे खरं आहे. पण या कारणात एक गंमत आहे. ते जगातला प्रत्येक विक्रेता एकाच वेळी वापरू शकतो आणि प्रत्येकाचं खरं असतं. जे वाक्य सगळ्यांनाच सोडवतं ते कुणालाच सोडवत नाही असं मला वाटतं. 'दुसरा करेल' यातून एवढंच सिद्ध होतं की काम होईल. ते मी करावं हे त्यातून निघत नाही.

दुसरं कारण: निवड गिऱ्हाइकाची आहे. आम्ही बटण देतो, शून्यावर ठेवायचं की नाही ते त्याचं त्यानं बघावं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही हे रोज करतो. नको ती गोष्ट सेटिंगमध्ये टाकायची आणि जबाबदारी वापरणाऱ्याच्या नावावर लिहायची. पण डीपी जळते तेव्हा ती फक्त बटण शून्यावर ठेवणाऱ्याची जळत नाही. ज्यानं थांबायचं ठरवलं त्याचीही जळते. स्वतःच्या नुकसानाची निवड मी माणसाला देऊ शकतो. शेजाऱ्याच्या नुकसानाची निवड त्याच्या हातात ठेवून तिला स्वातंत्र्य म्हणणं मला जड जातं.

तिसरं कारण सगळ्यात चिवट होतं: एका डब्यानं काय होतंय? खरोखरच, एका मोटारीनं डीपी जळत नाही. दोघांनी, तिघांनीही नाही. मग तीनशे गावांत तीनशे डबे गेले, तर कुठलं नुकसान माझ्या नावावर येतं?

डेरेक परफिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १९८४ सालच्या पुस्तकात एक कल्पित उदाहरण आहे. हजार माणसं हजार कैद्यांचा छळ करतात. प्रत्येकजण एक बटण दाबतो, आणि त्या बटणानं हजारही कैद्यांच्या यंत्राचा काटा एकेक घर पुढे सरकतो. एका घरानं वाढलेली वेदना कुणालाच जाणवत नाही. म्हणून प्रत्येकजण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणाची वेदना वाढल्याचं दाखवा. तरीही शेवटी हजार माणसं तळमळत असतात. परफिटचं म्हणणं असं की 'माझ्या एकट्याच्या कृतीनं कुणाला जाणवेल असं काय झालं' हा प्रश्नच अपुरा आहे. मी ज्या सगळ्यांबरोबर मिळून हे करतोय, त्या सगळ्यांनी मिळून काय केलं, हेही विचारायला हवं. डीपीखाली उभं राहून हे उदाहरण आठवलं की ते कल्पित वाटत नाही. आमच्याकडे ते हिरव्या बटणाचं आहे.

त्याच्याही दोनशे वर्षं आधी, १७८५ मध्ये, कांटनं कसोटी सांगितली होती. तू ज्या नियमानं वागतोस तो सगळ्यांचा नियम व्हावा असं तुला म्हणता येईल का? कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला ते नुसतं उपदेशासारखं वाटलं होतं. पण 'लाईट आली की माझी मोटार सगळ्यात आधी' हा नियम सगळ्यांचा करून बघा. मग कुणाचीच मोटार नीट सुरू होत नाही. नियम सगळ्यांचा होताच स्वतःलाच पाडतो. ऑटोस्विचचा फायदा शेजाऱ्याकडे ऑटो नसेपर्यंतच असतो.

इथवर वाचून मी फार तत्त्वाचा माणूस आहे असं वाटत असेल, तर पहिल्या बॅचची गोष्ट सांगायलाच हवी. पहिले चार डबे दादानं एकाच डीपीवर, त्याच्या ओळखीच्या चौघांकडे लावले. लाईट आली. आम्ही डीपीपाशी उभे राहून मोजत होतो. दोन मिनिटं सतरा सेकंदांनी चारही मोटारी एकदम उठल्या.

कॉम्प्युटरमधली चिठ्ठी खरी चिठ्ठी नसते. ती एका सुरुवातीच्या आकड्यावरून गणितानं काढलेली असते. मी सगळ्या डब्यांना तो सुरुवातीचा आकडा एकच दिला होता. लाईट सगळ्यांना एकाच क्षणी आली, म्हणून सगळ्यांनी तीच चिठ्ठी उचलली. मग प्रत्येक चिपचा स्वतःचा वेगळा क्रमांक आणि सर्किटमधली बारीक थरथर मिसळून तो आकडा काढायला लागलो, तेव्हा गणित जुळलं. ही चूक कुणाला कळली नसती. एकेकट्या विहिरीवर प्रत्येक डबा अगदी बरोबर चालत होता. चारही एकत्र उभे केल्यावरच ती दिसली.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. आमच्या डब्याचा गुण एका डब्यात नाहीच. एकट्यानं विकत घेतला तर तो बाजारातल्या डब्यापेक्षा वाईट आहे, कारण तो मागे राहतो. त्याचा गुण शेजाऱ्याच्या डब्याबरोबर दिसतो. आणि विक्रीची साखळी, कंपनीपासून डिस्ट्रिब्युटर, डीलर, दुकानदारापर्यंत, प्रत्येक पायरीवर एकच काम करते: वस्तूला एकटं करते. काउंटरवर एक माणूस येतो, एक पीस घेतो, 'मला काय फायदा' विचारतो आणि जातो. त्याचा डीपीवरचा शेजारी त्या काउंटरवर कधीच नसतो. शेठना मी दोष देऊ शकत नाही. त्यांनी जे मागितलं ते त्यांच्या काउंटरवरून दिसणाऱ्या जगाप्रमाणे बरोबरच होतं. ज्या काउंटरवर एकेकटंच गिऱ्हाईक येतं, तिथे एकत्र राहण्याची वस्तू मागासच दिसणार.

आपल्याकडे एकत्र वाटून घेण्याची अक्कल नव्हती असं नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवर फड पद्धत काही शतकं चालली. बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं, शिवाराचे फड पाडलेले असायचे, आणि कुणाला कधी पाणी सोडायचं ते पाटकरी बघायचा. तिथे 'माझं शेत आधी' असं म्हणायला जागाच नव्हती, कारण पाणी एकेकट्याला विकलेलं नव्हतं. ते फडाला दिलेलं होतं.

म्हणून दादाला म्हटलं, आपणही डबा माणसाला न विकता डीपीला विकून बघू. एका डीपीवर चौदा कनेक्शन होती. सहा रविवार आम्ही त्या चौदा घरी चहा पिऊन आलो. अकरा जणांनी डबे घेतले. तिघांनी घेतले नाहीत. त्यांच्याकडे जुने ऑटो होते. म्हणजे लाईट आली की त्या तिघांच्या मोटारी आधी उठायच्या, भरपूर व्होल्टेज घेऊन, कारण बाकीचे अकरा थांबलेले असायचे. आमच्या अकरा जणांचा संयम त्या तिघांच्या फायद्याचा झाला.

अकरांपैकी एकजण चिडून म्हणाला, "त्यांच्यासाठी आम्ही का थांबायचं?"

दादा म्हणाला, "आठ तासांतली पाच मिनिटं गेली तुझी. डीपी गेली की आठवडा जातो."

उत्तर बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं. पाच मिनिटांनी कुणाचं पीक जळत नाही. माणसाला टोचतं ते आपण थांबलो आणि दुसरा थांबला नाही हे. अन्याय मोजायचं आपलं माप मिनिटांचं नसतं. महिनाभरानं कळलं की त्या अकरांतल्या एकानं वायरमनला शंभर रुपये देऊन आमच्या रिलेला परस्पर वायर जोडून घेतली होती. शेठनी मागितलेलं बटण शंभर रुपयांत झालं होतं.

त्यावर मी बराच विचार केला. जे बटण मी दिलं नाही ते कुणीतरी बनवणारच असेल, तर माझ्या नकाराला काय अर्थ? मला एवढंच सापडलं: ती वायर जोडताना त्या माणसाला आपण काय करतोय हे माहीत होतं. आम्ही तिथे गुळगुळीत बटण दिलं असतं, तर त्यानं ते नुसतं फिरवलं असतं. वाईट गोष्ट अशक्य करणं बनवणाऱ्याच्या हातात फारसं नसतं. ती सोपी करायची की नाही, हे मात्र असतं. आणि बाकीचे दहा अजूनही थांबतात.

पण हिशेब इथे संपत नाही. सहा रविवारांत अकरा डबे गेले, शेठ एका हंगामात तीनशे घेणार होते. आपल्या तत्त्वाची किंमत आपण भरली तर ते आपलं तत्त्व असतं. इथे किंमत वहिनीच्या दागिन्यांतून जात होती आणि तत्त्व माझं होतं. मी महिन्याच्या पगारावर पुण्यात बसून नाही म्हणत होतो. हे दादानं मला कधी बोलून दाखवलं नाही. वहिनीनंही नाही. त्यामुळे ते जास्त लागलं. शेवटी मी दादाला विचारलं, ती ओळ बदलू का? तो म्हणाला, "डीपी जळाली तर लोक मलाच बोलावतात. माझ्याच डब्यानं जळालेली डीपी बघायला मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

आम्ही परत शेठकडे गेलो. एक बदल करून गेलो. डब्यावर छोटा डिस्प्ले बसवला होता, त्यावर उलटे आकडे पडायचे: १४०, १३९, १३८. आता डबा गप्प बसत नव्हता, थांबलोय हे सांगत होता. जास्तीत जास्त थांबणं तीन मिनिटांवर आणलं, पण शून्य ठेवलं नाही. शेठनी मेन स्विच चढवला आणि आकड्यांकडे बघत राहिले.

"म्हणजे बटण नाहीच?"

"नाही."

त्यांनी चाळीस पीस ठेवून घेतले. आगाऊ काही नाही, विकल्यावर पैसे. निघताना म्हणाले, "गिऱ्हाईक विचारणार, हा थांबतो का. मी काय सांगू? तुझ्या शेजाऱ्यासाठी थांबतो असं सांगितलं तर घेईल का कुणी?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. 'डीपी वाचते, पर्यायानं तुमचीच मोटार वाचते' असं सांगा, असं काहीतरी मी बोललो. ते खोटं नव्हतं. पण शेजाऱ्यासाठी थांबायची गोष्टही शेवटी 'तुमचाच फायदा' म्हणूनच विकावी लागते, याचं वाईट वाटत राहिलं.

दोन आठवड्यांनी शेठचा फोन आला. सात पीस गेले होते. एकानं परत आणला होता, थांबतो म्हणून. बाकी सहांपैकी दोघे एकाच डीपीवरचे निघाले. हे शेठना कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मीच विचारलं त्यांना, डीपी कुठली म्हणून."

दादाचं सोनं अजून सुटलेलं नाही.